अकारण थांबा

आबा, गेल्या आठवड्यात मला एका ड्रायव्हरची जांभई दाखवण्यात आली. महाडला शेठच्या ऑफिसात मी पाहुणी म्हणून बसले होते. समोर भिंतीएवढा पडदा, पडद्यावर बारा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक चेहरा. आता ट्रकच्या पुढच्या काचेला आतून कॅमेरा बसवतात. त्याचं तोंड रस्त्याकडे नसतं, ड्रायव्हरकडे असतं. ड्रायव्हरने डोळे मिटले, फोन कानाला लावला, मान जास्त वेळ वळवली की गाडीत पिपाणी वाजते आणि इकडे त्याच्या चौकोनाला लाल कड येते. शेठ म्हणजे तुमचे शेठ नव्हेत, ते तुमच्यानंतर चार वर्षांनी गेले. हा त्यांचा मुलगा. त्याने मला ती जांभई दोनदा दाखवली, दुसऱ्यांदा सावकाश. पन्नाशीचा माणूस, दाढी दोन दिवसांची. तोंड उघडतं, दाढांमधल्या फटी दिसतात, तोंड मिटतं, आणि मग तो थेट कॅमेऱ्याकडे बघतो, काठी उचललेली पाहून कुत्रं बघतं तसा. "आता याला फोन जाणार," मुलगा म्हणाला. पडद्याखाली दोन मुली बसतात, त्यांतल्या एकीने फोन लावला. "काका, झोप येते का? गाडी बाजूला घ्या, तोंड धुवा." काकांनी फोन उचलला, आणि फोन उचलल्याबद्दल चौकोन पुन्हा लाल झाला. खोलीत कुणीही हसलं नाही. मुलीने ती दुसरी चूकही नोंदवली.

मला बोलावलं होतं ते एका कामासाठी. गाड्यांच्या केबिनमध्ये लावायला त्याला सूचना हवी आहे: कॅमेरा कशासाठी आहे, काय केलं तर काय होईल. चांगल्या मराठीत. मी आता ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, हे तुम्ही पाहिलं नाही. "मॅडम, या सगळ्याची सुरुवात तुमच्याच हातून झालीय," तो म्हणाला. त्याला ते कौतुक वाटत होतं. चहाच्या कपाखाली त्याने एक छापील कागद सरकवला, हल्लीचा रिपोर्ट, नमुना म्हणून. त्यात चौथ्या रकान्यात, तीन ठिकाणी, माझे दोन शब्द होते. अकारण थांबा. हे पाहून तुमची आठवण आली असं मी लिहिणार होते. खरं म्हणजे मला आधी माझीच आठवण आली. तुम्ही त्यानंतर आलात.

मी पाचवीत आहे. आई मामाकडे लग्नाला गेलेली, मला परीक्षेमुळे नेलं नाही आणि परीक्षा संपल्यावर घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून तुम्ही मला गाडीत घेतलंत. गाडीत औद्योगिक वसाहतीतली पिंपं आहेत, चिपळूणला द्यायची. इंजिनाच्या झाकणावर घोंगडी घातली आहे आणि त्या घोंगडीतूनही मांड्या भाजतात. पोलादपूर मागे पडतं, कशेडीचा चढ लागतो, तुम्ही बोलत नाही, गाडीच बोलते. एका वळणाच्या अलीकडे तुम्ही गाडी कडेला घेता. काय झालं, मी विचारते. "काय नाय. बस गप." तुम्ही उतरता, दोरीला बांधलेला एक लाकडी ठोकळा मागच्या चाकाला लावता आणि चालत पुढे जाता. रस्त्याच्या मधोमध तीन दगड पडले आहेत. तुम्ही एकेक उचलता, पोटाशी धरता, कठड्यापाशी नेऊन ठेवता. फेकत नाही, ठेवता. पुन्हा गाडीत चढताना तुमच्या शर्टावर मातीचा पट्टा आहे. दोन वळणं गेली की पुन्हा तेच.

कारण मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. चढावर एखादी गाडी बंद पडते, ती मागे येऊ नये म्हणून चाकाला दगड लावतात, गाडी चालू होऊन निघून जाते आणि दगड डांबरावर राहतो, एवढं मला माहीत होतं. पोलादपुरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. मी म्हणाले, हे दगड आपण लावलेले नाहीत, मग तुम्ही का उचलता? तुम्ही पुढचं वळण घेतलंत, गिअर बदललात.

"गेल्या पावसाळ्यात हितंच इंजिन तापलं," तुम्ही म्हणालात. "क्लीनर गावाला गेलेला. मी एकटा. कठड्याचा दगड घेतला, चुना लागलेला, चाकाला लावला, पानी ओतलं, गाडी काढली. एकट्या मानसाला तो दगड उचलता येत नाय गो. खाली उतरलं तर गाडी मागं येते. वर सपाटीला गाडी लावायची नि चालत मागं यायचं. मी म्हटलं, येताना उचलू."

"मग?"

"येताना दगड बाजूला व्हता. कुनीतरी केलेला. चुना लागलेला, म्हनून वळखला. नि एक स्कूटर पडलेली. नि बाईची एक चप्पल."

"माणसं?"

"न्हेली व्हती."

"जगली?"

तुम्ही वळणावर हॉर्न दिलात. "इचारलं नाय मी," म्हणालात. मग घाटमाथ्यावर चहाला थांबलो. तुम्ही बशीतला चहा माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "आयला सांगू नको. कुनालाच नको." मी नाही सांगणार म्हटलं. त्यानंतर तुम्ही दोरीचा ठोकळा दाखवलात, स्वतः बनवलेला. दोरीचं दुसरं टोक गाडीला बांधलेलं असतं, म्हणजे गाडी निघाली की ठोकळा तिच्यामागून फरफटत येतो, मागे राहत नाही. तुम्ही तो एखादा पुरस्कार दाखवावा तसा दाखवलात. मी दहा वर्षांची होते, तरी मला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे.

त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी मी त्याच शेठच्या ऑफिसात लागले. बी.ए. मराठी, कॉम्प्युटरचा कोर्स, अक्षर चांगलं. तुम्हीच शेठना सांगितलं होतंत. पहिल्या दिवशी पोलादपूर स्टँडवर एस.टी.त बसवायला आलात आणि खिडकीतून म्हणालात, "मान वर करून बस तिथं. आपन काय चोर नाय." ऑफिसात मी मान खाली घालूनच बसायचे, कारण कीबोर्ड खाली होता. शेठ तोवर जुन्या पद्धतीने लक्ष ठेवायचे. गाडी आली की टाकीत काठी बुडवून डिझेल बघायचे, टायरवरून हात फिरवायचे, घाटातल्या हॉटेलवाल्याला फोन करून गाडी कधी गेली ते विचारायचे. हॉटेलवाला दोन्ही बाजूंचा होता, शेठचा चहा प्यायचा आणि ड्रायव्हरला वेळ सांभाळून द्यायचा. त्या पाळतीशी भांडता यायचं. शेठ आई-बहिणीवरून बोलायचे, ड्रायव्हरही मागे हटायचे नाहीत, आणि संध्याकाळी सगळे एकाच टपरीवर असायचे. मला तेव्हा ते गावंढळ वाटायचं. मला शिस्त आवडायची. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची शिस्त फार आवडते.

मग एका कारखान्याने अट घातली की त्यांचा माल नेणाऱ्या गाड्यांत यंत्र पाहिजे. मुंबईहून माणूस आला आणि सीटखाली काळ्या डब्या बसवून गेला. गाडी परत आली की डबीला वायर लावायची, आणि आतली सगळी फेरी कॉम्प्युटरवर उतरायची: कुठे थांबली, किती मिनिटं, वेग किती. ड्रायव्हरांनी दोन दिवसांत तिचं नाव सासू ठेवलं. "हळू बस, सासू खाली हाय." "सासूला विचार, मी जेवलो का नाय ते." तुम्ही त्या गमतीत नसायचात. शेठनी मला तक्ता करायला सांगितला. मी चार रकाने पाडले: ठिकाण, वेळ, मिनिटं, कारण. जेवण, डिझेल, टोल, पोलीस ही कारणं आधीच ठरलेली. "आणि कळलं नाही तर काय लिहायचं?" शेठनी विचारलं. मी क्षणभर विचार केला. मला आठवतं, मी खरंच शब्द शोधत होते, परीक्षेत शोधतात तसे, आणि सापडल्याचा आनंदही झाला. अकारण थांबा, मी म्हणाले. शेठनी ते दोनदा उच्चारून बघितलं. "शिकलेला माणूस ठेवला की हा फायदा," ते बाकीच्यांना म्हणाले.

डबीला थांबलेली गाडी कळायची. उतरलेला माणूस तिला कळायचा नाही, पोटाशी धरलेला दगड कळायचा नाही. मला कळत होता. दर फेरीला तुमच्या गाडीच्या नावावर कशेडीतले थांबे उतरायचे, चार मिनिटं, सहा मिनिटं, कधी एकाच घाटात तीन. मी ते वाचायचे, कोणतं वळण असेल त्याचा अंदाज करायचे, पावसाळ्यात ते वाढायचे कारण पावसाळ्यात गाड्या जास्त बंद पडतात, आणि चौथ्या रकान्यात माझे दोन शब्द टाइप करायचे. सगळ्यांना एकच नियम. तुमच्यासाठी वेगळं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, बाप आहे म्हणून. असं मी स्वतःला सांगायचे. या वाक्याचा मला आज जितका तिटकारा येतो तितका शेठच्या मुलाचाही येत नाही. तो निदान मूर्ख आहे.

श्रावणात शेठनी तुम्हाला बोलावलं. दुपार, बाहेर पाऊस, ऑफिसात सात-आठ माणसं. माझा तक्ता शेठच्या हातात, तुम्ही दारात उभे, पायांत चिखल म्हणून आत न आलेले. घाटात रोज सहा मिनिटं गाडी उभी राहते याचा त्या धंद्यात एकच अर्थ लावतात, कॅनमध्ये डिझेल काढून विकणं. शेठनी चोरी हा शब्द उच्चारला नाही.

"काय रे, कशेडीत कोण भेटतं तुला?"

"कोन नाय."

"मग थांबतोस कशाला?"

"थांबतो."

"देवाला नारळ देत असेल," कुणीतरी म्हणालं. "सहा मिनिटं? मग लघवी असेल. वय झालं बिचाऱ्याचं." सगळे हसले. तुम्हीही जरासे हसलात, ते मी पाहिलं, आणि तुमचं ते हसणं मला अजून पाहवत नाही. "पंधरा वर्षं गाडी दिलीय तुझ्या हातात," शेठ म्हणाले. "सांग की. बाकीच्यांचं मला कळतं, तुझंच कळत नाय." दगड उचलतो एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं, आणि त्या का-ला तुमच्याकडे एकच उत्तर होतं, चुना लागलेलं. तुम्हाला खोटं सुचलं नाही. इतक्या वर्षांत तुम्ही एक खोटं तयार ठेवलं नव्हतंत, याचाही मला राग येतो.

मग शेठ माझ्याकडे वळले. "तू तर घरातली. तुला ठाऊक असेल, का थांबतो हा?"

मी नाही म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कपाटावर दुरुस्तीला आलेली एक काळी डबी ठेवली होती, तिच्याकडे पाहत राहिलात. नंतर वळून पावसात गेलात. दोन दिवसांनी तुम्हाला लांबच्या फेरीवरून काढलं आणि पाण्याचा टँकर दिला. बिरवाडीच्या बाजूला भरायचा आणि कारखान्यांच्या बांधकामांवर ओतायचा, दिवसभर तीच तीन मैलांची फेरी. काढून टाकलं असतं तर लोकांनी अन्याय म्हटलं असतं. टँकर दिल्यावर कुणी काही म्हणेना, फक्त सगळ्यांना कळलं. पोलादपुरात पानवाल्यालाही कळलं. पंचवीस वर्षं घाट चढलेला माणूस कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या गल्ल्यांतून पाणी सांडत फिरायचा आणि मागून पोरं ओरडायची. त्या टँकरला सासू नव्हती. त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं.

टँकर मिळाला त्या संध्याकाळी आई तुम्हाला वाढताना काही बोलली नाही. मला वाढताना बोलली. "तू तिथं असताना असं कसं झालं गो?" मी ताटाकडे बघितलं. तुम्ही भात कालवत म्हणालात, "तिला काय करायचंय त्यात. तिची नोकरी नवी हाय." आई उठून गेल्यावर तुम्ही आवाज खाली आणलात. "तुला ठाऊक व्हतं ना?" मी हो म्हटलं. "बरं केलंस. मीच म्हनलेलं, कुनाला सांगू नको." तुम्ही डोक्यावर हात ठेवायला गेलात आणि हात उष्टा आहे हे लक्षात येऊन थांबलात. दहा वर्षांच्या मुलीने दिलेला शब्द मी पाळला, असं तुम्ही धरून चाललात, आणि मी तुम्हाला तसं धरून चालू दिलं. तुम्ही गेलात तोपर्यंत. इस्पितळातही, जेव्हा तुम्ही नर्सला सांगत होतात की माझी पोरगी पोटात ठेवनारी हाय.

आबा, तो शब्द मला त्या वेळी आठवलाच नव्हता. शेठच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली एक टाइप केलेला कागद होता आणि वरून माझं नाव दिसत होतं. माझ्या कायम नेमणुकीचा. त्यावर सही व्हायची होती. त्या कागदाकडे बघत मी "नाही" म्हणाले. बाकी सगळं, तुम्हाला दिलेला शब्द, सगळ्यांना एक नियम, ते मी नंतर आणून लावलं. सही शनिवारी झाली.

बिरवाडीच्या वखारीतून लाकडाचे तुकडे आणून तुम्ही ठोकळे बनवत राहिलात. रंधा मारायचा, भोक पाडायचं, दोरी ओवायची, आणि लांबच्या फेरीला निघालेल्या ज्याला त्याला द्यायचे. घ्यायचे सगळे. बरेच जण पुढच्या पंपावर टाकून द्यायचे, हे मला ऑफिसात कळायचं. एक तुम्ही मला दिलात, बिनदोरीचा, लहान. स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून. तो अजून तिथेच आहे. त्याच्या एका कडेला तुमच्या पेन्सिलीची रेघ आहे, कापायच्या आधी आखलेली. दार आपटत नाही.

मी कशेडीतून पुष्कळदा जाते, पेपर तपासायला, लग्नांना. आता बोगदा झाला आहे आणि बहुतेक गाड्या त्यातूनच जातात. जुन्या रस्त्याने गेलं तर अजूनही दगड दिसतात. मी कधी उतरले नाही. मागून गाडी येते, साडी असते, उशीर झालेला असतो. माझी कारणं नेहमी तयार असतात, तुमच्यासारखी पंचाईत होत नाही.

सूचना मी लिहिली. नकार द्यायचं ठरवून बसले होते आणि चार दिवसांत अकरा वाक्यं लिहिली, सोपी, स्वच्छ, एकही शब्द अडणार नाही अशी. पडद्यातल्या त्या माणसाला ती वाचताना अपमान वाटू नये म्हणून मी फार मेहनत घेतली, म्हणजे अपमान नीट गिळला जावा म्हणून. शेवटी बारावं वाक्य मी माझ्या मनाने घातलं: रस्त्यावरचा दगड उचलण्यासाठी गाडी थांबवल्यास कारण विचारले जाणार नाही. ते लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी काहीतरी केलं असं वाटलं, आणि तुम्हाला ते सांगावं म्हणून मी हे पत्र सुरू केलं. काल सकाळपर्यंत पत्राचा शेवट तोच होता.

काल दुपारी शेठच्या मुलाने माझ्यासमोर सूचना वाचली. अकरा वाक्यांना मान हलवली. बाराव्यापाशी पेन टेकवलं. "हे कशाला मॅडम? दगड उचलायला हायवेवाले आहेत. हे लिहिलं तर ज्याला त्याला थांबायला निमित्त मिळेल." त्याने सरळ एक रेघ मारली, रागाने नव्हे, सवयीने. मग माझ्याकडे बघून विचारलं, "चालेल ना?" खोलीत आम्ही दोघंच होतो. टेबलावर माझ्या नावाचा कुठलाही कागद नव्हता. मला त्याच्याकडून काही नको होतं, तो माझं काही बिघडवू शकत नव्हता, आणि मला सगळं ठाऊक होतं. मी चालेल म्हणाले. त्याचा प्रश्न पुरता संपायच्या आधीच म्हणाले.